सायकलवरचा कुलूपबंद डबा: डबा पास, कुलूप नापास

डबा चांगला आहे, कुलूप भिकार आहे. एवढंच हवं असेल त्यांनी इथेच थांबावं. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहितो, कारण परवा कस्टमर केअरचं जे उत्तर आलं त्याने डोकं अजून तापलेलं आहे.

माझा वापर आधी सांगतो. कोल्हापुरात राजारामपुरी ते शिरोली एमआयडीसी, रोज. कावळा नाका, तावडे हॉटेल, पंचगंगेचा पूल. सायकल लावायची कारखान्याच्या गेटाबाहेरच्या शेडमध्ये, आणि त्या शेडमध्ये कॅरिअरच्या बॅगेतून आधी पंप गेला, मग रेनकोट. पॅनिअर बॅग, म्हणजे कॅरिअरच्या बाजूला लटकणारी, कितीही भारीतली घ्या, ती उघडायला किल्ली लागत नाही. म्हणून कडक डबा, तोही कुलपाचा.

इथल्या दुकानांत खास सायकलसाठीचा असा डबा काही दिसला नाही. मग राहतात तीन गोष्टी. हार्डवेअरच्या दुकानातली पत्र्याची टूलबॉक्स: स्वस्त, पण कोल्हापूरच्या पावसात कोयंड्यापासून गंजायला लागते. ॲल्युमिनियमची चौकोनी पेटी: दिसते झकास, पण तेवढ्या पैशांत माझी अर्धी सायकल येते. आणि मोटारसायकलचा प्लॅस्टिकचा डबा. मी तिसरा घेतला, ३० लिटरचा, थेट बोल्टने बसणारा. बटण दाबून काढता येणारे डबे असतात, पण त्यांची खालची प्लेट मोटारसायकलच्या मापाची. सायकलचं कॅरिअर असतं जेमतेम वीतभर रुंद, तिची भोकं त्यावर कुठेच जुळत नाहीत.

बसवण्याचं काम मात्र मनासारखं झालं. उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये ३ मिलिमीटरच्या ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या कापून, भोकं पाडून घेतल्या. एक डब्याच्या आत, एक कॅरिअरच्या खाली, मध्ये जुन्या ट्यूबचे तुकडे. बोल्ट गोल डोक्याचे, चौकोनी मानेचे. मान बसावी म्हणून खालच्या पट्टीतली भोकं कानशीने चौकोनी केली. नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले, हादऱ्याने सैल न होणारे) सगळे डब्याच्या आत. बाहेरून पाना लावायला जागाच नाही. ट्यूबचे तुकडे विसरू नका. त्यांच्यामुळे डबा सरकत नाही आणि स्पीडब्रेकरवर खडखडत नाही.

एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. डब्याला कितीही कुलपं लावा, ज्या कॅरिअरवर तो बसलाय ते कॅरिअर चार ॲलन बोल्टवर, म्हणजे डोक्यात षटकोनी खाच असलेल्या बोल्टवर, उभं असतं. ४ मिलिमीटरची ॲलन की खिशात असलेला माणूस डबा, कॅरिअर आणि आतलं जेवण एकदमच घेऊन जाऊ शकतो. यावर स्वस्तातला उपाय आहे: बोल्टच्या खाचेत बसेल असा बेअरिंगचा छर्रा फेविक्विकने चिकटवायचा. पुढे कधी काढायचा झाला तर नेलपॉलिश रिमूव्हर घालून फेविक्विक मऊ पडतं, पण ॲसिटोन असलेलाच आणा. हल्ली बिगर-ॲसिटोनचाही मिळतो, त्याने काही होत नाही.

आता मुद्द्यावर येतो. रबरी टोपण.

या डब्याच्या किल्लीच्या भोकावर नखाएवढं रबराचं टोपण असतं. ते दोरीएवढ्या बारीक मानेवर लोंबतं. ती मान उन्हाळ्यातच तुटली. कुणालाही वाटेल की टोपणाचं काय एवढं! तर भोक आहे डब्याच्या मागच्या बाजूला, म्हणजे चाक जे काही मागे उडवतं ते सरळ तिथे. शिरोलीच्या रस्त्यावर नुसता चिखल नसतो, फाउंड्र्यांची काळी वाळूही असते. ती कुलपात गेली की आतल्या बारीक पत्त्या अडकतात, किल्ली आधी घट्ट फिरते, मग हिसका मारल्याशिवाय फिरत नाही. कस्टमर केअरला फोन केला तेव्हा म्हणाले, सर, दोन थेंब तेल सोडा. सोडले. ऐन जुलैमध्ये, धो धो पावसात, शेडमध्ये किल्ली अर्धी हातात आणि अर्धी कुलपात. डब्यात लॅपटॉप, डब्यातच जेवण, आणि डब्यातच रेनकोट.

महाद्वार रोडच्या किल्लीवाल्या मामांनी कुलपात एकदा बघितलं आणि विचारलं, "तेल घातलासा न्हवं?" तेलात वाळू बसली की तिचा लगदा होतो, पितळ खातो. सोनाराच्या करवतीचं मोडकं पातं आत सरकवून, दाते किल्लीच्या तुकड्यात अडकवून त्यांनी तो तुकडा अलगद बाहेर ओढला. म्हणाले, कुलपाला तेल नाही, ग्रॅफाइट. नसेल तर पेन्सिलच्या शिशाची पूड. पैसे घेतले पन्नास.

मी कंपनीला लिहिलं, टोपण पाठवा, पैसे देतो. उत्तर: टोपण सुटं मिळत नाही. मग कुलूप पाठवा. कुलूप सुटं मिळत नाही, नवीन झाकण घ्या. झाकणाची किंमत डब्याच्या निम्मी! वॉरंटीचं विचारलं तर म्हणे, हे उत्पादन मोटारसायकलसाठी आहे, सायकलवर बसवल्यास वॉरंटी लागू नाही. म्हणजे खाली इंजिन नाही हे त्या टोपणाला कळलं आणि त्याने मान टाकली. कागदावर त्यांचं बरोबर असेलही. पण चार आण्याच्या रबरापायी ग्राहकाला अर्ध्या डब्याचं बिल दाखवायचं, हे मला पटत नाही आणि पटणारही नाही.

शेवटी मूळ कुलूपच उपटून टाकलं. टेबलाच्या खणाला लागतं ते कॅम लॉक, म्हणजे किल्लीबरोबर मागची जीभ फिरते ते कुलूप, १९ मिलिमीटरच्या भोकात बसतं, हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतं. डब्याचं भोक थोडं मोठं करावं लागलं. नवं कुलूप १४० रुपये, जुन्यापेक्षा जड, आणि त्याला स्वतःचं सरकतं झाकण आहे. म्हणून आता घेणाऱ्यांना माझा सल्ला: दुकानात झाकणाची चमक बघू नका, जिभेचं कुलूप आहे का बघा. ते मोडलं तर गावात बदलता येतं.

पाण्याबद्दल माझं मत पावसाळ्यात बदललं. आधी मी बोल्टच्या भोवती सिलिकॉन भरून डबा पार पॅक केला होता आणि सगळ्यांना तसंच करा म्हणून सांगत होतो. बाहेरचं पाणी आत आलं नाही, खरं आहे. पण ओला रेनकोट आत ठेवला की संध्याकाळी लॅपटॉपच्या कव्हरवर दव. आता मागच्या खालच्या कोपऱ्यात ५ मिलिमीटरचं भोक पाडलंय, रेनकोट वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. मडगार्ड पूर्ण लांबीचं हवं, नाहीतर त्याच भोकातून चिखल वर येईल.

माप: लिटर बघून घेऊ नका. लॅपटॉप आणि जेवणाचा डबा दुकानात घेऊन जा आणि प्रत्यक्ष आत ठेवून बघा. माझा लॅपटॉप आडवा बसत नाही, तिरका उभा राहतो.

चालवताना वजन मागे आणि वर जातं. चढावर उभं राहून पॅडल मारलं की सायकल शेपूट हलवते. पुलावर आडवा वारा असला तर हँडल दोन्ही हातांनी धरा. मागून पाय टाकून बसता येत नाही, दांड्यावरून पुढून पाय काढावा लागतो. बाजूचा स्टँड तर बादच. भरलेल्या डब्याने सायकल दोनदा आडवी झाल्यावर जुन्या पद्धतीचा डबल स्टँड बसवला. आणि हो, अपार्टमेंटचा नवा वॉचमन अजून विचारतो, कुठल्या फ्लॅटचं पार्सल.

शेडमधून त्यानंतर काही गेलेलं नाही. आमच्या ऑफिसातला एकजण हे बघून ४५ लिटरचा घ्यायला निघालाय. त्याचं कॅरिअर सीटपोस्टला, म्हणजे सीटखालच्या दांडीला, लटकणारं आहे, त्यावर स्पष्ट १० किलो लिहिलंय. फ्रेमला चार ठिकाणी बसणारं, २५ किलोवालं घे आधी, म्हटलं. तर म्हणतो, डब्यावर डिस्काउंट रविवारपर्यंतच आहे.