लाल पाइप कुठेच जात नव्हता

इंजिनचं हेड खोललं तेव्हा मिस्त्रीमामा काहीच बोलले नाहीत. तिसऱ्या पिस्टनची कड फक्त बोटाने दाखवली. उंदराने भाकरी कुरतडावी तशी ती खाल्ली गेली होती. प्लगच्या टोकाला वितळलेल्या ॲल्युमिनियमचे बारीक मणी चिकटले होते. "पेट्रोल कमी पडलंय हिला," ते म्हणाले. मी म्हटलं, मामा, शक्यच नाही, नायट्रसचं वेट किट आहे, गॅसबरोबर जास्तीचं पेट्रोलही देणारं. मग त्यांनी किटचा पेट्रोलचा लाल पाइप धरला आणि त्याच्यावरून बोट मागे मागे नेत गेले. बॅटरीच्या ट्रेखाली पाइप संपला. तोंडात एक बोल्ट पिळलेला आणि वरून काळी चिकटपट्टी.

गाडी माझी जुनी होंडा सिटी, १.५ व्हीटेक, १०६ घोड्यांची. तिच्यावरच रोज चिंचवड ते हिंजवडी जाणं-येणं. अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेस बघून आलो आणि इंजिनात नायट्रस गॅस सोडून ताकद वाढवायचा किडा डोक्यात शिरला. एका गॅरेजने 'पन्नास घोड्यांचं सेफ किट, रोज ऑफिसला जा, काही होत नाही' असं सांगून ९५ हजार घेतले. नाव लिहीत नाही, का ते पुढे कळेलच.

नायट्रस ऑक्साइड स्वतः पेटत नाही. इंजिनाच्या सिलिंडरमधल्या उष्णतेने साधारण ३०० अंशांना तो फुटतो आणि ऑक्सिजन सोडतो. हवेत वजनाने २३ टक्के ऑक्सिजन, यात ३६. म्हणजे तेवढं जास्तीचं पेट्रोलही त्याच क्षणी आत गेलंच पाहिजे. वेट किटमध्ये दोन सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणारे व्हॉल्व्ह असतात, निळा गॅसचा आणि लाल पेट्रोलचा. पेट्रोल आलं नाही तर आत लोहाराची भट्टी होते. माझ्या गाडीच्या ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, या जास्तीच्या ऑक्सिजनचा पत्ताच नसतो, ती आपली नेहमीचंच पेट्रोल देत राहते.

हे सगळं मी आधी वाचलेलं होतं, म्हणून तर जास्त चीड येते. डिलिव्हरीच्या दिवशी मी मुद्दाम विचारलं, "लाल चालू आहे ना?" गॅरेजच्या पोराने इंजिन बंद ठेवून बटण दाबलं. टक, टक. दोन आवाज आले, मी खूश. सोलेनॉइडला वायर जोडली होती, तो इमानदारीत उघडत होता. त्याच्यामागे पेट्रोलच नव्हतं. मामांचा अंदाज असा की फ्युएल रेलला, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीला, जोड काढायचं सामान गॅरेजकडे नसणार. त्यासाठी थांबण्यापेक्षा पाइप दडवणं सोपं.

नऊ दिवसांत बटण चारदा दाबलं. पहिल्या तीन वेळा गाडी अशी सुटली की मी एकटाच हसत होतो. चौथ्यांदा डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला आणि मागे निळसर धूर.

मग एकेक बाहेर निघत गेलं. बिलात एक घर थंड प्लग लावले होते. एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, म्हणजे ६ च्या जागी ७ हवा होता. निघाले माझेच जुने ६, ब्रशने घासलेले. ठिणगीचं टायमिंग दोनेक अंश मागे घ्यायला हवं होतं, त्याला हातही लावलेला नाही. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्याशिवाय गॅस सुटू नये म्हणून एक स्विच असतो. त्याचे पैसे घेतले, लावलं मात्र गियरच्या नॉबवर नुसतं बटण, हॉर्नसारखं. डायनोचा, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या मशीनचा कागद दिला होता, त्यातला आलेख ५,५०० आरपीएमला संपतो. माझी गाडी ६,००० च्या पुढेच खरी जागी होते. कुठल्या डिझेलचा कागद होता कोण जाणे!

गॅसच्या सिलिंडरचं तर विचारूच नका. मार्चच्या उन्हात डिकीत ठेवून मी फिरत होतो. ३६ अंशांच्या वर हा गॅस द्रवरूपात राहत नाही आणि दाब चढत जातो. किटला लागतो ९०० ते ९५० पीएसआय, उन्हात डिकीत त्याच्या कितीतरी पुढे. जादा दाब गाडीबाहेर सोडणारी नळी हवी, ती नव्हती. मानेवर चाचणीची तारीख ठोकलेली असते, तिथे ग्राइंडर फिरवून वर निळा रंग मारलेला. गॅस सिलिंडर रूल्स २०१६ खाली अशा सिलिंडरची परवानगी नागपूरचं पेसो, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेचं सरकारी खातं देतं, हे मला नंतर कळलं.

तक्रार करायला गेलो तर हातात बिल 'डेंटिंग-पेंटिंग व ॲक्सेसरीज'चं. जीएसटी वाचवायला मीच हो म्हटलं होतं. वकील मित्र म्हणाला, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, गाडीत फेरफार करण्याबद्दलचं, आधी तुझ्यावरच येईल, इन्शुरन्सचं तर नावच काढू नकोस. गॅरेजवाला फोनवर शांतपणे म्हणाला, "सर, तुम्ही जास्त वेळ दाबलं असेल."

कुणाला करायचंच असेल तर बटणाचा आवाज ऐकून पैसे देऊ नका. लाल पाइप टाकीकडून येणाऱ्या पेट्रोलपर्यंत बोटाने चाचपत जा, इंजिनात फवारा मारणाऱ्या नोझलकडचं टोक सोडवून बाटलीत पेट्रोल पडतंय का बघा, जुने प्लग हातात मागून घ्या. तेवढ्याला गॅरेजवाला कुरकुरला तर गाडी काढा तिथून.

इंजिन बांधायला ६८ हजार गेले. त्यांच्या जाहिरातीत अजूनही माझ्याच गाडीचा व्हिडिओ फिरतोय. बोनेट उघडं आहे, पोरगा बटण दाबतो आणि दोनदा टक असं स्पष्ट ऐकू येतं.