उघडलाच आहे तर… घरी दुरुस्त केलेल्या लॅपटॉपचे नऊ महिने

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईत असणाऱ्यांना पुढचं वाचायला नको. सहा वर्षं वापरलेला लॅपटॉप नऊ महिन्यांपूर्वी मी घरीच उघडला, त्यात पाच कामं केली, आणि हे लिहितेय ते त्याच लॅपटॉपवर. पाचपैकी तीन कामं आजही ठणठणीत आहेत. उरलेल्या दोन कामांपायी तो आणखी दोनदा उघडावा लागला. ही दोन कामं माझ्या यादीत नव्हतीच. ‘उघडलाच आहे तर हेही करून घेऊ’ या मोहापायी केलेली.

मूळ दुखणी तीन. व्हिडिओ कॉल सुरू केला की पंखा घरघरायला लागायचा आणि पाच मिनिटांत सगळं अडखळायचं. तापमान बघितलं तर प्रोसेसर ९७ अंशांवर. बॅटरी जेमतेम पाऊण तास. आणि सुरू व्हायलाच दोन-अडीच मिनिटं, कारण आत ५४०० आरपीएमची जुनी फिरणारी हार्ड डिस्क. तिन्हींची खात्री मी उघडण्याआधी करून घेतली होती. विंडोजमध्ये एका कमांडने बॅटरीचा रिपोर्ट निघतो. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आता पूर्ण चार्ज केल्यावर भरणारी क्षमता दोन्ही दिसतात. माझ्या रिपोर्टात ४१,०४० मिलिवॉट-अवरच्या जागी १४,९०० उरले होते. बदलायची की नाही हा प्रश्नच मिटला. डिस्कचंही तेच, टास्क मॅनेजरमध्ये ती कायम १०० टक्क्यांवर चिकटलेली.

अवजारांबद्दल थोडक्यात. स्क्रूड्रायव्हरच्या पन्नासेक बिटांचा सेट घेतला, नऊ महिन्यांत त्यातले तीन वापरले: बारीक फुलीचे पीएच० आणि पीएच००, आणि एकदा चांदणीच्या आकाराचं टी५. टोकाला लोहचुंबक असणं मात्र फार कामाचं. खरा उपयोग झाला तो प्लास्टिकच्या पातळ पट्टीचा, चिमट्याचा आणि सर्व्हिस मॅन्युअलचा. बऱ्याच मोठ्या कंपन्या आपल्या मॉडेलचं मॅन्युअल फुकट पीडीएफमध्ये देतात. मी आधी व्हिडिओ बघत बसले होते, पण व्हिडिओ असतो ‘जवळपास तशाच’ मॉडेलचा आणि नेमके दोन स्क्रू वेगळे निघतात. मॅन्युअलमध्ये कुठला स्क्रू किती लांबीचा हेही लिहिलेलं असतं.

तयारीत तीन गोष्टी. डेटाचा बॅकअप. बिटलॉकर म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, त्याची ४८ अंकी रिकव्हरी की वहीत लिहून ठेवली, लॅपटॉपमध्येच सेव्ह करून उपयोग काय! आणि बॅटरी २५ टक्क्यांच्या खाली उतरू दिली, कारण चुकून टोक लागलंच तर भरलेली लिथियम बॅटरी जास्त भडकते.

मागच्या झाकणाला अकरा स्क्रू. नऊ दिसणारे, दोन मागच्या रबरी पट्टीखाली दडलेले. ते दोन राहिले असते आणि मी जोर लावला असता तर झाकण तिथेच तडकलं असतं. सगळे निघाल्यावर कडेने पट्टी फिरवायची. एकेक खटका सुटताना ‘टक्’ असा आवाज येतो आणि दर वेळी वाटतं, मोडलंच. बाबा टॉर्च धरून उभे होते. “अगं, हळू. एवढा आवाज बरा नव्हे,” हे त्यांनी निदान सहा वेळा म्हटलं असेल.

स्क्रूंसाठी कागदावर लॅपटॉपची आकृती काढली आणि जिथला स्क्रू तिथेच चिकटपट्टीने लावला. वाटीत टाकू नका. पुढच्या कडेचे तीन स्क्रू बाकीच्यांपेक्षा आखूड होते. तिथे लांब स्क्रू पिळला तर तो वरच्या बाजूने हात टेकायच्या जागी फुगवटा आणतो, नाहीतर बोर्डात घुसतो. आत गेल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा. मग पॉवरचं बटण वीसेक सेकंद दाबून धरायचं, म्हणजे कपॅसिटरमध्ये उरलीसुरली वीज असेल तीही जाते. इतर कशालाही हात लावायचा तो यानंतर.

आता पंखा. वरून बघितलं तर पंखा स्वच्छच दिसत होता. पात्यांवर थोडी धूळ, बाकी काही नाही. एवढ्यावर समाधान मानून वरवर फुंकर मारली असती तर सगळी मेहनत पाण्यात गेली असती. कचरा असतो तो पंखा आणि तांब्याच्या नळीच्या टोकाची जाळी यांच्या मधे. पंख्याचे तीन स्क्रू काढून तो बाजूला केला तेव्हा तिथे राखाडी रंगाची घट्ट पट्टी दिसली. चिमट्याने एक टोक धरून ओढलं तर ती अख्खी, सलग निघाली: बोटभर लांब, दोन-तीन मिलिमीटर जाड, दाबून बसलेल्या लोकरीसारखी. एका बाजूला जाळीच्या उभ्या रेघा उमटलेल्या. म्हणजे पंखा सहा वर्षं भिंतीवर वारा घालत होता. यात माझी एक चूक झाली. ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवायची असतात, मी धरली नाहीत. पंखा त्याच्या नेहमीच्या वेगापेक्षा कितीतरी जोरात भिरभिरला. त्या वेळी मजा वाटली. त्याबद्दल शेवटी सांगते.

हीट सिंक म्हणजे प्रोसेसरवर बसणारा, उष्णता त्या तांब्याच्या नळीकडे नेणारा धातूचा भाग. त्याच्या स्क्रूंशेजारी १ ते ४ आकडे कोरलेले असतात. लावताना त्याच क्रमाने, एकदम न आवळता थोडं-थोडं आवळत जायचं. प्रोसेसर आणि हीट सिंक यांच्यामधली, उष्णता पोचवणारी जुनी थर्मल पेस्ट खडूसारखी वाळली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही बाजू पुसल्या आणि नवी पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, मधोमध. शेजारच्या चिपवरचे मऊ रबरी थर्मल पॅड मात्र जसेच्या तसे ठेवा. पॅड काढून तिथे पेस्ट लावली तर फट भरत नाही, कारण पॅडची जाडी हिशेबाने ठरवलेली असते.

याचा परिणाम पहिल्या दिवशी तापमान ९७ वरून ७६. आज, नऊ महिन्यांनी, त्याच कामाला ८०-८१. थोडं वाढलंय, धूळ पुन्हा बसत असणार आणि गरम-गार होता होता पेस्टही जरा कडेला सरकते. पण कॉलवर अडखळणं गेलं ते गेलंच.

बॅटरीचा अनुभव जरा वळणावळणाचा. जुनी काढताना ती मधोमध किंचित फुगलेली दिसली, आणि टचपॅडचं बटण वर्षभर कडक का लागत होतं ते तेव्हा कळलं. फुगलेली बॅटरी वाकवायची नाही, टोचायची नाही, कचऱ्याच्या डब्यात तर मुळीच टाकायची नाही. ती ई-कचऱ्यात गेली. नवी बॅटरी मूळ कंपनीची मिळाली नाही, दुसरीकडची घेतली. पहिल्या आठवड्यात १८ टक्के दिसत असताना लॅपटॉप पटकन बंद पडला. दोनदा. मला वाटलं, फसले. पण बॅटरीतल्या मोजणी करणाऱ्या सर्किटचा अंदाज चुकत होता. दोन वेळा पूर्ण भरून पूर्ण उतरवल्यावर आकडा ताळ्यावर आला. आता बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, चार्जिंगची मर्यादा ८० टक्के लावून ठेवली आहे. नऊ महिन्यांनंतर क्षमता मूळच्या ९१ टक्के, आणि लिहिण्या-वाचण्याच्या कामाला तीन-सव्वातीन तास.

जुन्या फिरणाऱ्या डिस्कऐवजी बसवलेल्या एसएसडीबद्दल, म्हणजे काहीही न फिरणाऱ्या चिपवाल्या डिस्कबद्दल, फार लिहिण्यासारखं नाही, कारण त्यात काही बिघडलंच नाही. फक्त घेण्याआधी बघा की तुमच्या एम.टू खाचेत (बोर्डावरची एसएसडीची खाच) वेगवान एनव्हीएमई प्रकारची चालते की नुसती जुन्या साटा प्रकारची. दिसायला दोन्ही २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब असू शकतात. तिरकी घालायची, दाबायची, एक स्क्रू. सुरू व्हायला आता १४ सेकंद. पाच कामांतलं सगळ्यात सोपं काम आणि फरक सगळ्यात मोठा. एकच काम करायचं असेल तर हेच करा.

इथे थांबायला हवं होतं. कागदावर एकही स्क्रू हललेला नव्हता, बाबांचा हात दुखायला लागला होता. पण लॅपटॉप उघडा पडलेला, आणि मी टचपॅडकडे बघितलं. बटण कडक का लागतं याचं कारण बॅटरी होती हे समोर दिसत असूनही मी म्हटलं, उघडलाच आहे तर खालचा कचराही साफ करून घेऊ. त्यासाठी टचपॅडची रिबन केबल काढायची होती.

या चपट्या केबलच्या कनेक्टरला काळी दांडी असते, केसासारखी बारीक. दोन प्रकार असतात. एकात दांडी केबलच्या दिशेने सरळ बाहेर सरकते, दुसऱ्यात ती बिजागरीसारखी वर उचलायची असते. माझी उचलायची होती, मी ओढली. आवाजही फारसा झाला नाही. दांडी उडाली आणि टेबलाखाली गेली. बाबा टॉर्च घेऊन खाली वाकले, अर्धा तास शोधली, सापडली, पण तिचा एक कान मोडला होता. मग केबल सरळ घालून वर फोमचा छोटा तुकडा आणि त्यावर उष्णता सोसणारी पिवळी चिकटपट्टी, असा जुगाड केला. कचरा? टचपॅडखाली कचरा नव्हताच.

तो जुगाड चार महिने टिकला. मग टचपॅड मधूनच मरायला लागलं. लॅपटॉप जरा कुठे तिरका उचलला की कर्सर गायब. दुसऱ्यांदा उघडला तेव्हा फोम दबून कागदासारखा पातळ झाला होता. आता जाडसर तुकडा घातलाय आणि झाकणाचाच दाब त्यावर येईल असं बसवलंय. गेले पाच महिने चाललंय, पण यावर मी पैज लावणार नाही. कनेक्टर बदलायचा तर बोर्डावर सोल्डरिंग, आणि ते माझ्या हाताबाहेरचं आहे.

दुसरा मोह स्क्रीनच्या बिजागरीचा. उजवी बिजागरी आधीपासून कडक. आत बघितलं तर ती ज्या पितळी नटांमध्ये आवळलेली असते त्यांतला एक नट प्लास्टिकमधून सैल झाला होता. दोन ट्यूबवालं एपॉक्सी घरात होतंच. लावलं, दाबून ठेवलं, दुसऱ्या दिवशी घट्ट. फार खूश होते मी. सहाव्या महिन्यात स्क्रीन उघडताना कडकन आवाज आला आणि उजव्या कोपऱ्यात झाकण आणि बॉडी यांच्यात फट पडली. तो नट तर उपटलाच, सोबत शेजारचाही गेला.

चूक साधी होती. नट प्लास्टिकमधून सुटतो तो बिजागरी कडक असते म्हणून. दर वेळी स्क्रीन उघडताना तो सगळा पीळ त्या दोन इवल्याशा नटांवर येतो. मी नट चिकटवला, बिजागरी तशीच ठेवली. तिसऱ्यांदा उघडल्यावर आधी बिजागरीच्या दांड्यावरचा आवळणारा नट पाव फेरा सैल केला, स्क्रीन जेमतेम आपल्या जागी उभी राहील इतपत. मग प्लास्टिक सँडपेपरने खरबरीत केलं, कारण गुळगुळीत प्लास्टिकला एपॉक्सी नीट धरत नाही. स्क्रूच्या आट्यांना जरासं ग्रीस लावून ते नटांमध्ये फिरवून ठेवले, म्हणजे नटाच्या आट्यांत एपॉक्सी जाऊन बसायला नको. आणि पूर्ण २४ तास हात लावला नाही. याला आता तीन महिने होतील. स्क्रीन एका बोटाने उघडते. आधी दोन्ही हात लागायचे.

घरी करावं का, असं कोणी विचारलं तर मी उलट विचारते, काय बिघडलंय ते उघडण्याआधी सांगता येतंय का? येत असेल आणि ते धूळ, बॅटरी, रॅम किंवा डिस्क यांपैकी असेल तर बिनधास्त करा. रॅम आणि डिस्क बोर्डालाच सोल्डर केलेल्या नाहीत ना, एवढं मॅन्युअलमध्ये बघून घ्या. पाणी सांडलंय, लॅपटॉप सुरूच होत नाही, चार्जिंगची पिन बोर्डावरूनच हललीये, असं असेल तर मी स्वतः हात लावणार नाही. आणि कामाचा एकच लॅपटॉप असेल तर उद्या सकाळी लागणार असताना आज रात्री उघडू नका. पहिल्यांदा दीड तास धरला होता, पाच लागले.

आता पंख्याचं. गेले तीन आठवडे सकाळी थंड असताना सुरू केला की पंखा पहिली दहा सेकंद कुटकुटतो, मग शांत. बेअरिंग झिजलंय. आपोआप झिजलं की त्या दिवशीच्या भिरभिरण्याने, सांगता येत नाही. माझा संशय माझ्यावरच आहे. नवा पंखा येऊन पडलाय. स्क्रूंच्या आकृतीचा जुना कागद काढलाय आणि त्यावर मोठ्या अक्षरांत ‘फक्त पंखा’ असं लिहिलंय. बाबांनी तो वाचला, चष्मा वर केला आणि म्हणाले, “बरं. पण उघडतेच आहेस तर ती एच की जरा अडकते, तेवढी…”