फ्रेमिंगचं काम चोख, काचेचा सल्ला मात्र पार चुकला (मेन रोडमागची गल्ली, नाशिक)

दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण मालकाने चूक स्वतःहून दुरुस्त करून दिली. पण बारीक अक्षरांचं काम फ्रेम करायला टाकणार असाल तर हे वाचून जा.

माझं चित्र ए-थ्री कागदावरचं गलबत. लांबून नुसत्या रेघा, जवळ गेलं की गावांची नावं: नवगाव, चेऊल, पेण, रोहा, किहीम. अक्षरं जेमतेम दीड मिलिमीटरची. हॉस्टेलमधला माझा पार्टनर रेवदंड्याचा, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला ज्यू. चेऊलकर, पेणकर, रोहेकर ही त्यांच्यातली आडनावं. पूर्वजांचं गलबत नवगावजवळ फुटलं, सात जोडपी तेवढी वाचली, ही गोष्ट त्याच्या आजीकडून मीही ऐकलीय, मलिद्याच्या ताटासमोर बसून. पुढच्या महिन्यात त्याला सत्तर पूर्ण होतात. त्याच्यासाठी हे.

अक्षरांतून चित्र काढायची युक्ती त्यांच्याकडचीच. ज्यू लेखनिक बायबलच्या समासात पाठाच्या टिपा लिहायचे आणि त्याच ओळी वळवून वेलबुट्टी, तारे, प्राणी उभे करायचे. 1008च्या सुमारास कैरोत लिहिलेली एक प्रत सेंट पीटर्सबर्गला आहे, तिच्यात अशी सजवलेली अख्खी पानं आहेत. मूर्ती घडवायला मनाई असलेल्या घरात हात गप्प बसत नाही, तो अक्षरांत शिरतो, असं आपलं माझं मत. ज्यू चित्रकार शागालने जेरुसलेमच्या हदासा हॉस्पिटलमधल्या सिनेगॉगसाठी (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) 12 खिडक्या केल्या (1962), त्यातही पशुपक्षी, मासे, फुलं. माणूस मात्र नाही. वर्गात मुलांना हे सांगितलं की ती हमखास विचारायची, ‘मग सर, आम्ही गणपती काढायचा नाही का?’

तर काच. मालक म्हणाले, ‘सर, नॉन-ग्लेअर घ्या, ट्यूबलाइट चमकत नाही.’ घेतली. घरी आणून भिंतीला लावली आणि गलबताचं धुकं झालं. ही काच वरून खरखरीत असते. चित्राला चिकटून असली तर ठीक, पण मधे माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) आला की दोन-तीन मिलिमीटरचं अंतर पडतं आणि बारीक रेघ विरघळते. फोटोला चालेल, अक्षरांना नाही. हे फ्रेमवाल्याला ठाऊक हवं.

परत नेली. साधी काच बसवून दिली, जादा पैसे नाहीत, कुरकुर नाही. सागवानी पट्टीचे कोपरे इतके नेमके जुळलेत की नखही अडकत नाही. मालक काचेला नाक लावून पाच मिनिटं वाचत राहिले आणि म्हणाले, ‘यात नाशिक कुठंय?’

एकूण 1,450 रुपये. हुकांचे 40 वेगळे लावले, ते आधी सांगायला हवे होते.