नौपाड्यातील पायथनचा वर्ग
ठाण्यात नौपाड्यातील पायथन या संगणकीय प्रोग्रामिंग भाषेच्या एका वर्गाला मी दोन महिने गेलो. अट तपासून पुढचे पाऊल ठरवणारे 'इफ' (जर), 'एलिफ' (नाहीतर जर) आणि 'एल्स' (नाहीतर) इतक्या मनापासून शिकवलेले मी अन्यत्र पाहिले नाही. सरांनी फळ्यावर मुद्दाम ३५ गुणांची अट आधी आणि ७५ची नंतर लिहिली. ८२ गुणांचा विद्यार्थी विशेष प्रावीण्याऐवजी नुसताच 'उत्तीर्ण' ठरला, कारण पहिली अट खरी ठरताच पुढची 'एलिफ' तपासलीच जात नाही, आणि अटींचा क्रम किती महत्त्वाचा आहे हे साऱ्या वर्गाला तत्काळ उमगले. अटीनुसार दोनपैकी एक मूल्य देणारी, एका ओळीत मावणारी सशर्त पदावलीही नीट समजावली. २०२१ मध्ये पायथनच्या ३.१० आवृत्तीत आलेले 'मॅच' (मूल्य कोणत्या नमुन्याशी जुळते ते पाहणारे विधान) मात्र शेवटच्या दहा मिनिटांत उरकले, ही माझी खरी तक्रार आहे.