पहिलंच मोठं कन्व्हेन्शन: सॅन डिएगो कॉमिक-कॉन की ड्रॅगन कॉन?

मोठ्या फॅन कन्व्हेन्शनला, म्हणजे कॉमिक्स, सिनेमे, मालिका यांच्या चाहत्यांच्या मेळाव्याला, एकदा तरी जायचंय असं म्हणणाऱ्या दहातल्या नऊ जणांच्या डोक्यात सॅन डिएगोचं कॉमिक-कॉनच असतं. साहजिकच आहे, ट्रेलर तिथे, स्टार तिथे, बातम्या तिथल्या. पण अमेरिकेतच अटलांटाला ड्रॅगन कॉन नावाचं दुसरं मोठं प्रकरण आहे, 1987 पासून चालू आहे, आणि पहिल्याच वेळेला जाणार असाल तर माझं मत सरळ तिकडे पडतं. तरीही काही जणांनी सॅन डिएगोलाच जावं, ते कुणी तेही सांगतो.

आधी आत शिरायचं कसं ते बघू, कारण अर्धे जण तिथेच गळतात. सॅन डिएगोला दारावर तिकीट वगैरे काही नसतं. विक्रीच्या आधीच ठरलेल्या मुदतीत मेंबर आयडी काढून ठेवायचा, मग विक्रीच्या दिवशी ऑनलाइन वेटिंग रूममध्ये बसायचं आणि नंबर कधी लागतो त्याची वाट बघायची, आणि लवकर येऊन बसलं म्हणून काही फायदा नाही कारण क्रम रँडम लागतो. आदल्या वर्षी जाऊन आलेल्यांची विक्री वेगळी आणि नवख्यांच्या आधी होते. त्यामुळे चार दिवसांऐवजी एखादाच दिवस हाती लागला असंही होतं. बॅज, म्हणजे प्रवेशाचा पास, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, तेव्हा "माझा पडून आहे, घेतोस का" असं कुणी म्हटलं तर पैसे देऊ नका.

ड्रॅगन कॉनचा पूर्ण पाच दिवसांचा पास सहसा कितीतरी महिने आधीपासून विकत मिळतो, जितका उशीर तितका महाग, एवढंच. तिथली मारामारी खोल्यांची. जवळजवळ सगळा कार्यक्रमच शहराच्या मधल्या चार-पाच मोठ्या हॉटेलांमध्ये भरतो आणि त्या हॉटेलांचं बुकिंग उघडलं की बघता बघता संपतं. मग लांब राहावं लागतं आणि कॉस्च्युम घालून रोज ये-जा करायची म्हणजे वैताग, पण निदान आत तरी जाता येतं ना.

आता आत गेल्यावर काय. सॅन डिएगोचं सगळ्यात मोठं आकर्षण म्हणजे हॉल एच, सुमारे साडेसहा हजार खुर्च्या, आणि कॉमिक-कॉनला येणारी माणसं सव्वा लाखाच्या वर. गणित तुम्हीच करा. मोठ्या पॅनलच्या (स्टेजवर कलाकारांच्या जाहीर गप्पांच्या) दिवसासाठी आदल्या संध्याकाळीच आत सोडायचे मनगटी पट्टे वाटतात, त्यासाठी त्याच्याही आधीपासून रांग, आणि एवढं करून आत गेलात की एक पॅनल संपल्यावर हॉल रिकामा करत नाहीत, म्हणजे दुपारच्या पॅनलसाठी आलेली माणसं सकाळपासूनच खुर्च्या धरून बसलेली असतात. थोडक्यात हॉल एच म्हणजे तो अख्खा दिवस त्यालाच. ज्याला आपला आवडता नट पहिल्यांदा स्टेजवर येतो त्या क्षणी त्याच खोलीत असायचंय त्याला हे चालेल, बाकीच्यांनी दुसऱ्या दिवशी फोनवर बातमी वाचली तरी फारसं बिघडत नाही (खास दाखवलेली क्लिप मात्र बऱ्याचदा बाहेर येत नाही, ती चुटपुट राहते).

ड्रॅगन कॉनला सत्तर हजारांच्या आसपास लोक येतात, म्हणजे गर्दी तिथेही आहेच, लिफ्टसाठी तर इतकी की अनुभवी लोक जिन्यानेच जातात. पण पॅनलची रांग एक तासापेक्षा आधी लावूच देत नाहीत, आणि या एका नियमाने पूर्ण दिवसाची चव बदलते. कार्यक्रम तीसहून जास्त ट्रॅकमध्ये, म्हणजे विषयवार गटांमध्ये वाटलेले, प्रत्येक ट्रॅक चालवणारे स्वतः फॅनच, त्यामुळे वीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या मालिकेवरही कुणीतरी तासभर भांडत बसलेलं सापडतं. सह्या पाहिजेत तर कलाकार एका मोठ्या दालनात टेबलं लावून बसतात, पैसे मोजा आणि भेटा. सॅन डिएगोला बऱ्याच सह्यांसाठी सोडत असते.

कॉस्प्लेचं, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश करून येण्याचं, तर विचारूच नका. एका हॉटेलच्या गालिच्याची नक्षी एवढी गाजली की त्याच नक्षीचे कपडे शिवून लोक गालिच्यावर "अदृश्य" होऊन उभे राहायला लागले! रात्री दोन वाजताही लॉबी भरलेली असते. लहान मुलं सोबत असतील तर मात्र हाच मुद्दा उलटा पडतो, सॅन डिएगोचं प्रदर्शन दालन संध्याकाळी सातला बंद होतं आणि घरच्यांना ते सोयीचं पडतं.

मूळ कॉमिक्सचे चाहते, चित्रकारांना भेटून मूळ पानं विकत घेणारे, आणि फक्त तिथेच मिळणारी खेळणी गोळा करणारे, यांनी सॅन डिएगोच बघावं. एकटे जाणार, ओळखी करायच्यात, स्वतः शिवलेला कॉस्च्युम मिरवायचाय, त्यांनी डोळे झाकून अटलांटा. आणि फक्त पुस्तकंच जीव की प्राण असतील तर दोन्ही सोडा, 1939 पासून चालणारं विज्ञानकथांचं वर्ल्डकॉन बघा, दरवर्षी गाव बदलतं, माणसं काही हजारच आणि तिथल्या ह्युगो या विज्ञानकथा पुरस्काराला सभासद म्हणून तुम्हालाही मत देता येतं.

कुठेही गेलात तरी जुने लोक 5-2-1 सांगतात, रोज निदान पाच तास झोप, दोन वेळा जेवण, एक अंघोळ. शेवटचा आकडा गंमत नाही, बंद हॉलमध्ये तिसऱ्या दिवशी कळतं. फोटो काढायच्या आधी कॉस्प्लेवाल्याला विचारा. सॅन डिएगोचा बॅज नाहीच मिळाला आणि तुम्ही त्या आठवड्यात शहरात असाल तर कन्व्हेन्शन सेंटरसमोरच्या गॅसलॅम्प क्वार्टर या भागात स्टुडिओवाले जे मांडव टाकतात त्यातल्या बऱ्याच ठिकाणी बॅज लागत नाही. अटलांटाची शनिवार सकाळची परेड तर रस्त्यावरच असते, फुटपाथवर जागा धरायला मात्र लवकर निघा.