ट्यूब माईक खरखरतोय: दुरुस्ती, नवी ट्यूब की दुसराच माईक?

स्वस्तातला ट्यूब माईक (ज्याच्या आत काचेची व्हॅक्यूम ट्यूब असते तो) घेतलेला आहे, त्यात आता गुणगुण किंवा खरखर येते आहे, आणि गावातल्या खोलीतच भजनं, झाडीपट्टीच्या नाटकांची गाणी किंवा निवेदनं रेकॉर्ड करायची आहेत. अशा वेळी तीन वाटा असतात. आहे तो माईक दुरुस्त करायचा, नुसती ट्यूब बदलून बघायची, किंवा तो बाजूला ठेवून फँटमवर, म्हणजे माईकच्या केबलमधूनच मिळणाऱ्या ४८ व्होल्ट विजेवर, चालणारा कंडेन्सर (नाजूक आवाजही पकडणारा माईक) अथवा वीज न लागणारा साधा डायनॅमिक माईक आणायचा. कुणालाही विचारलं तर पहिला सल्ला येतो, "ट्यूब बदल." मला तो घाईचा वाटतो. आपल्याकडे विदर्भातल्या खेड्यांत दोष आधी विजेत, ओलीत आणि केबलमध्ये शोधावा; ट्यूबचा नंबर त्यानंतर. म्हणून खिशात हात घालण्याआधी एक संध्याकाळ नुसती ऐकण्यासाठी काढा.

आधी आवाज ओळखा

माईक चालू करून पंधरा-वीस मिनिटं गरम होऊ द्या. ट्यूब थंड असताना जी टकटक, सळसळ येते तिला बिघाड समजू नका. इंटरफेसवरचं, म्हणजे माईक लॅपटॉपला जोडणाऱ्या डबीवरचं, फँटम बंद ठेवा. ट्यूब माईकला वीज त्याच्या स्वतःच्या पॉवर सप्लायमधून मिळते. कूलर, पंखा बंद करा, हेडफोन लावा आणि काही न बोलता ऐका.

खोल, सलग "हूं" येत असेल तर तो ५० हर्ट्झचा हम. त्याचं मूळ अर्थिंगमध्ये, केबलच्या शील्डमध्ये किंवा जवळ ठेवलेल्या एखाद्या ट्रान्सफॉर्मरमध्ये असतं. त्याहून चढा, बोचरा "झ्झ्झ" असेल तर तो १०० हर्ट्झच्या घरातला. एसीची डीसी झाल्यावर तिच्यातले चढउतार गाळणारे कपॅसिटर थकले, की पॉवर सप्लाय असा बोलतो. सलग "शूऽऽ" येत असेल तर गेन (इंटरफेसवरची सिग्नल वाढवण्याची पातळी) तसाच ठेवा, केबल काढण्यापुरता हेडफोनचा आवाज खाली करून माईकची केबल इंटरफेसमधून काढा, आणि आवाज पूर्ववत करून परत ऐका. "शूऽऽ" तेवढाच राहिला तर दोष माईकचा नाहीच. केबल हलवल्यावर चरचर झाली तर सात पिनांचा कनेक्टर बघा. स्वस्त माईकच्या अंगावरचा सगळ्यात दुबळा भाग बहुतेकदा हाच असतो, आणि एखादा सैल टाका नीट लागला की माईक पुन्हा वर्षानुवर्षं चालतो.

माईकच्या अंगावर पेन्सिलीने हलकी टिचकी मारा. "टण्ण" असा नाद घुमत राहिला तर मात्र ट्यूबवर संशय घ्यायला जागा आहे.

पॉवर सप्लायवर पॅटर्न, म्हणजे माईक कोणत्या बाजूचं ऐकतो ते, बदलायचा खटका असेल तर तोही फिरवून बघा. कार्डिऑइडवर (फक्त समोरून) माईक स्वच्छ आणि ऑम्नी (सगळ्या बाजूंनी) किंवा आठच्या आकड्यावर (पुढून-मागून) खरखर, असं असेल तर दोष कॅप्सूलच्या, म्हणजे आवाज पकडणाऱ्या भागाच्या, मागच्या पडद्यात किंवा त्याला जाणाऱ्या व्होल्टेजमध्ये आहे. एका गायकाचं रेकॉर्डिंग कार्डिऑइडवरच होतं, त्यामुळे यासाठी एक रुपयाही खर्च करायची गरज नाही.

खरा निर्णय विजेवर होतो

लॅपटॉपचा चार्जर काढा. हम गेला? मग ग्राउंड लूप आहे: लॅपटॉप आणि माईकचा पॉवर सप्लाय दोन वेगळ्या वाटांनी जमिनीला जोडले गेलेत. दोन्ही एकाच बोर्डावर लावा, किंवा रेकॉर्डिंगच्या वेळी लॅपटॉप बॅटरीवर चालवा. पॉवर सप्लायवर ग्राउंड लिफ्टचा खटका असेल तर तो वापरा, कारण तो फक्त ऑडिओच्या बाजूची जोडणी तोडतो. पण हम घालवायला थ्री-पिन प्लगची मोठी पिन काढणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांना हात जोडून सांगतो, हे करू नका. पॉवर सप्लायच्या या पेटीत शंभराहून जास्त व्होल्ट डीसी असतात, आणि आत काही सुटलं तर ते माईकच्या धातूच्या अंगावर येतात. गाणाऱ्याचे ओठ तिथून वीतभर अंतरावर असतात.

मुळात अर्थिंग आहे का, हेही एकदा तपासून घ्या. सॉकेटला तिसरं भोक असलं म्हणजे त्यामागे तार आहेच असं नाही. तार असली तरी आपली काळी कापसाची जमीन उन्हाळ्यात भेगाळते, रॉडभोवतीची माती सुटते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. पावसाळ्यात स्वच्छ असलेला माईक मे महिन्यात गुणगुणायला लागला, तर हे कारण पहिल्यांदा बघा. वायरमनकडून अर्थिंगचा खड्डा तपासून घ्या, आणि उन्हाळाभर त्यात पाणी घालत राहा. या दुरुस्तीचा उपयोग माईकपुरता राहत नाही, अख्ख्या घराला होतो.

दुसरी तक्रार असते ती फक्त संध्याकाळच्या बझची. गावातल्या डीपीवर भार वाढतो, व्होल्टेज २३० वरून बरंच खाली येतं, आणि पॉवर सप्लायमधल्या रेग्युलेटरला (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या भागाला) काम करायला जी उशी लागते तीच उरत नाही. मग बझ सरळ आवाजात उतरतो. शेतीचा फीडर गावठाणापासून वेगळा झालेल्या गावांत हा त्रास कमी असतो. एकाच लाईनवर मोटरपंप चालत असतील तर जास्त. उपाय सोपा आहे: मल्टिमीटरने व्होल्टेज बघा आणि रेकॉर्डिंग पहाटे किंवा दुपारी करा. स्टॅबिलायझर लावणार असाल तर तो माईकपासून दूर ठेवा. त्याचा ट्रान्सफॉर्मर स्वतःच चुंबकीय हम पसरवतो, आणि रिले बदलताना होणारी टकटक थेट रेकॉर्डिंगमध्ये येते. माईकचा स्वतःचा पॉवर सप्लायसुद्धा केबल पुरेल तितका लांब असावा.

घरच्या इन्व्हर्टरवर ट्यूब माईक चालवायचा असेल तर तो प्युअर साइन वेव्हचा असायला हवा. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर बझ हमखास येतो, मग माईक कितीही चांगला असो.

आता पर्यायाकडे बघा. फँटमवरचा कंडेन्सर माईक, यूएसबी इंटरफेस आणि लॅपटॉप, हे सगळं बॅटरीवर चालतं. झूम एच५ सारखा रेकॉर्डर तर दोन पेन्सिल सेलवर ४८ व्होल्ट फँटम देतो. लाईन असो, नसो, अर्थिंग असो, नसो, भजन रेकॉर्ड होतं. ट्यूब माईकला ही मोकळीक नाही, त्याला भिंतीतली वीज लागतेच. माझ्या दृष्टीने गावातल्या माणसासाठी या दोन माईकांमधला सगळ्यात मोठा फरक हाच आहे, आणि माईकच्या जाहिरातीत त्याचा उल्लेख नसतो.

ओल, धूळ, कूलर

कंडेन्सर कॅप्सूलमधून येणारा सिग्नल इतका नाजूक असतो की तिथे गिगाओहमचे, म्हणजे विजेला प्रचंड अडवणारे, रेझिस्टर लावलेले असतात. भोवती ओलाव्याचा पातळ थर जरी बसला तरी वीज वाटेल तिथून झिरपते, आणि फटफट, चरचर सुरू होते. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात जुलै-ऑगस्टला हे होणार, हे धरूनच चाला. उन्हाळ्यात तेच काम वाळ्याचा कूलर करतो, म्हणून माईक कूलरच्या वाऱ्यात कधीच ठेवू नका. तासभर चालू ठेवल्यावर आवाज स्वच्छ झाला तर माईक निरोगी आहे. वापर झाला की तो हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, आणि जेल ओलावलं की वाळवून घ्या.

इथे ट्यूब माईकची बाजू घेतली पाहिजे. फँटमच्या कंडेन्सरलाही ओल बाधतेच, पण तो फारसा तापत नाही. ट्यूब आपल्या उष्णतेने आतला भाग वाळवते.

कापूस वेचणीच्या दिवसांत तंतू आणि धूळ सगळीकडे उडतात, आणि विद्युतभार असलेला कॅप्सूलचा पडदा त्यांना ओढून घेतो. फोमचं कव्हर लावा. कॅप्सूल स्वतः पुसायला जाऊ नका. तो पडदा काही मायक्रॉन जाडीचा असतो.

मग ट्यूब कधी बदलायची

टिचकीला घंटानाद आला, किंवा केबल, वीज, ओल हे सगळं तपासूनही गरम झाल्यावर खरखर राहिली, तर. अनेक स्वस्त माईकांत १२एएक्स७ किंवा १२एटी७ नावाची ट्यूब असते. दोन्हींची नऊ पिनांची मांडणी एकच आहे, फक्त १२एएक्स७ चा गुणक (सिग्नल किती पट वाढवू शकते तो आकडा) १०० आणि १२एटी७ चा ६० च्या आसपास. काही माईकांत मात्र ६९२२ असते. तिची बैठक तशीच दिसते, पण हीटरची (ट्यूब तापवणाऱ्या तारेची) जोडणी वेगळी असते, म्हणून या दोन घरांतल्या ट्यूबांची अदलाबदल करायची नाही. स्लोव्हाकियाच्या जेजे कंपनीची साधी ट्यूब पुरते. जुन्या काळच्या दुर्मिळ ट्यूबसाठी माईकच्या निम्म्या किमतीएवढे पैसे मोजायला सांगणाऱ्याचं ऐकू नका. स्वस्त माईकचा स्वभाव ट्यूबपेक्षा कॅप्सूल आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर ठरवतात.

म्हणूनच "आवाज कर्कश येतो, ट्यूब गेली" हे निदान बहुतेक वेळा चुकतं. नॉयमन या जर्मन कंपनीने १९६० मध्ये यू६७ हा ट्यूब माईक आणला तेव्हा त्याच्या कॅप्सूलचा वरच्या पट्टीतला चढ सर्किटमध्ये मुद्दाम खाली आणला होता. अनेक स्वस्त माईकांनी त्या घाटाची कॅप्सूल घेतली, ते सर्किट घेतलं नाही. त्यामुळे "स"चा सपकारा आणि झांजांचा झणकार टोचतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेतलं खंजिरी भजन अशा माईकवर घेतलं तर खंजिरीच्या चकत्या गायकाच्या शब्दांवर स्वार होतात. नवी ट्यूब हे सुधारत नाही. माईक थोडा तिरपा करा, खंजिरीवाल्याला मागच्या बाजूला उभं करा, किंवा दुसरा माईक घ्या.

दुसरा घ्यायचा तर कोणता

शांत खोली असेल, म्हातारे गायक हळू आवाजात गात असतील, तर स्वतःचा आवाज, म्हणजे काहीच वाजत नसताना माईक आपणहून करतो ती "शूऽऽ", कमी असलेला कंडेन्सर घ्या. रोड एनटी१-ए चा स्वतःचा आवाज ५ डीबी आहे, ऑडिओ-टेक्निका एटी२०२० चा २० डीबी. दोन्ही फँटमवर चालतात, पण हळू गळ्यासाठी हा फरक कानाला कळतो. जुन्या भजनकऱ्यांच्या चाली त्यांच्यासोबत जाऊ नयेत म्हणून धडपडणाऱ्यांनी इथे काटकसर करू नये.

पत्र्याचं छत, शेजारी पिठाची गिरणी, अंगणात बसलेलं मंडळ, असं असेल तर कंडेन्सर सगळंच उचलेल. तिथे शुअर एसएम५८ सारखा डायनॅमिक बरा. १९६६ पासून तो बनतो आहे, त्याला वीज लागत नाही, धूळ-ओल तो सहन करतो. बारीक तपशील कमी येतो आणि इंटरफेसला गेन जास्त द्यावा लागतो, हे मान्य करून घ्यायचा. देसाईगंजच्या बाजूला नाटकाच्या मंचावर न्यायचा माईक असेल तर दुसरा विचारच नको. ट्यूब माईक मंचावर नेऊ नये.

ट्यूब माईक कुणी ठेवावा? ज्याच्या खोलीत अर्थिंग पक्कं आहे, वीज बऱ्यापैकी स्थिर आहे, एकट्या गळ्याचं काम जास्त आहे आणि ज्याला त्या माईकचा भरीव आवाज मनापासून आवडतो, त्याने. त्याला केबल आणि कपॅसिटरची दुरुस्ती परवडते. कॅप्सूलच फाटली असेल किंवा पॉवर सप्लायचा ट्रान्सफॉर्मर जळला असेल, तर त्या खर्चात फँटमचा कंडेन्सर घेणं शहाणपणाचं.

दुरुस्तीला नागपूरला पाठवणार असाल तर माईक, केबल आणि पॉवर सप्लाय तिन्ही एकत्र द्या. नुसता माईक पाहून कारागिराला काही कळत नाही. पेटी स्वतः उघडू नका, वीज काढल्यावरही कपॅसिटरमध्ये भार राहतो. सोबत एका कागदावर लिहा: आवाज कसला येतो, कोणत्या वेळी येतो, गरम झाल्यावर वाढतो की कमी होतो, आणि तेव्हा मल्टिमीटरवर व्होल्टेज किती होतं.