बोरूचा वापर: नागपुरातील एका डिझायनरचा अनुभव

नव्या वर्षात डिझायनरने आपले कौशल्य वाढवावे असे म्हटले की बहुधा एखादे नवे सॉफ्टवेअर, ॲनिमेशन किंवा त्रिमितीय चित्रणाचा अभ्यासक्रम सुचवला जातो. मी जानेवारीत यांपैकी काहीही न निवडता बोरू, म्हणजे शाईत बुडवून लिहायची बांबूची लेखणी, घेतला आणि तेव्हापासून तो जवळजवळ रोज हाती असतो. माझे काम दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका, बोधचिन्हे आणि लहान उत्पादनांची वेष्टने असे आहे, आणि त्यातील बराचसा मजकूर देवनागरीत असतो. ज्या लिपीवर आपले पोट चालते, तिची अक्षरे हाताच्या कोणत्या हालचालीतून घडली हे स्वतःच्या हाताला कळावे, हा माझा हेतू होता. आज दिवाळीच्या तोंडावर हा अनुभव लिहिताना मी एवढे खात्रीने सांगू शकतो की या वर्षात माझ्या कामात जी सुधारणा झाली, तिचा मोठा वाटा या साध्या लेखणीचा आहे.

प्रथम साधनाविषयी. टोक तिरपे छाटलेला बोरू बाजारात तयार मिळतो, आणि बांबूची कामटी तासून तो घरीही करता येतो. देवनागरीसाठीचा छाट हा रोमन लिपीच्या रुंद निबांच्या उलट कललेला असतो, त्यामुळे इंग्रजी सुलेखनाचा पोलादी निबांचा संच घेऊन देवनागरी लिहू पाहणाऱ्याला अक्षरांची जाडी चुकीच्या जागी पडलेली दिसते. व च्या गोलाचे उदाहरण घ्यावे: बोरूने लिहिल्यास तो डावीकडे वर आणि उजवीकडे खाली जाड होतो, तर इंग्रजी ओ मध्ये जाडी नेमकी उरलेल्या दोन अंगांना येते. लेखणीची धार 45 अंशांवर ठेवली की शिरोरेषा आणि उभा दंड सारख्याच जाडीचे उतरतात, आणि हा समतोल डोळ्यांत एकदा बसला की छापील अक्षरातील ढळलेला समतोल लगेच खटकतो. शाई नीट उतरावी म्हणून टोकाला मध्यभागी बारीक चीर द्यावी लागते. टोक काही काळाने बोथट होते आणि पुन्हा छाटावे लागते. ही छाटणी काचेसारख्या कठीण पृष्ठभागावर, नव्या पात्याने आणि एका दाबात करावी, कारण धार जराही दातेरी राहिली तर प्रत्येक रेषेची कड फाटलेली दिसते.

नागपुरात राहणाऱ्यांनी हवामानाचा विचार आधीच करून ठेवावा. मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे जातो तेव्हा शाई बोरूच्या चिरेतच सुकू लागते आणि एक ओळ पूर्ण होण्याआधी टोक धुवावे लागते. कूलरसमोर बसण्याचा मोह होतो, परंतु कूलरची ओलसर हवा कागद फुगवते आणि सपाट कागदावर लाटा उठतात, म्हणून मी उन्हाळ्यातला सराव भल्या पहाटे, कूलर बंद ठेवून केला. पावसाळ्यात अडचण उलट असते: दमट झालेला साधा कागद शाई शोषतो आणि रेषेला केस फुटतात. कागद प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवणे आणि शाईत थोडा डिंक मिसळणे या दोन उपायांनी माझे काम बरेच सुकर झाले. रोजच्या सरावाला मॅपलिथो हा छपाईचा साधा कागद पुरतो. ग्राहकाच्या कामासाठी मात्र जाड, गुळगुळीत कागदच वापरावा.

कागदावरचे अक्षर संगणकावर नेण्यासाठी मी ते 600 डीपीआयवर (इंचाला 600 ठिपके) स्कॅन करतो आणि इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडतो. त्यातील बिटमॅप ट्रेस करण्याची, म्हणजे चित्राची बाह्यरेषा आपोआप काढण्याची, सोय जलद आहे, पण ती शाईच्या प्रत्येक खडबडीत कडेवर बिंदू ठेवत जाते आणि मग वळण सुधारणे कठीण होते. म्हणून ट्रेसवर विसंबण्याऐवजी स्कॅन खालच्या थरात ठेवून मी अक्षर पुन्हा रेखतो आणि बिंदू शक्यतो वळणाच्या सर्वांत वरच्या, खालच्या, डाव्या व उजव्या टोकांवरच ठेवतो. हात आणि संगणक यांत निवड करण्याचे कारणच नाही. मायक्रोसॉफ्टचा मंगल हा फाँट घडवणारे र. कृ. जोशी स्वतः सुलेखनकार होते, ही गोष्ट मला या संदर्भात फार महत्त्वाची वाटते.

आता प्रत्यक्ष लाभाकडे येतो. अरुंद पाटीवर लांबलचक नाव बसवायचे असले की फाँट आडवा दाबला जातो, त्यामुळे उभे दंड बारीक होतात, शिरोरेषा मात्र होती तेवढीच जाड राहते आणि अक्षर जणू ओझ्याखाली वाकते. सीताबर्डी किंवा इतवारीच्या बाजारातून चालताना अशा पाट्या आता मला दुरून ओळखू येतात. मी स्वतः अशा जागी अक्षर दाबत नाही. अरुंद अक्षर मुळातूनच वेगळे लिहितो. रफार आणि वेलांटी जिथे एकमेकांवर येतात, तिथे कोणाला किती सरकवायचे हेही हातानेच शिकवले.

ल आणि श यांच्याबाबत तर हा सराव अमूल्य ठरला. नागपूर 1956 पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होते, आणि इथल्या रस्त्यांवर मराठी आणि हिंदी अक्षरवळणे आजही शेजारी शेजारी दिसतात. त्यात अनेक फाँट मुळात हिंदी वळणाचे ल आणि श दाखवतात. मराठी रूपे फाँटमध्ये असली तरी मजकुराची भाषा मराठी ठरवल्याशिवाय ती पुढे येत नाहीत. भाषेची ही निवड तपासण्याची सवय मला बोरूने लावली, कारण जे वळण हाताने शेकडो वेळा गिरवले ते बदललेले दिसले की डोळा थांबतो. मराठी लग्नपत्रिकेवर मराठी ल असणे ही मला क्षुल्लक बाब वाटत नाही.

मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. पुस्तकाच्या किंवा अहवालाच्या सलग मजकुराला हे कौशल्य थेट उपयोगी पडत नाही. तिथे ‘मुक्त’ नावाच्या फाँटसारखा उत्तम, मोफत फाँट वापरणेच योग्य आहे. घाईच्या कामात बोरू बाजूला ठेवावा लागतो. पहिले काही आठवडे दाखवण्याजोगे काहीच हाती येत नाही, म्हणून ज्यांना नव्या वर्षाच्या आरंभीच पोर्टफोलिओत भर घालायची आहे, त्यांना मी हा मार्ग सुचवणार नाही. ज्यांचे काम देवनागरी बोधचिन्हे, शीर्षके आणि पाट्या यांचे आहे, त्यांनी मात्र तो अवश्य निवडावा आणि सोबत अक्षरकार कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली शीर्षके बारकाईने पाहावीत, कारण नाटकाचा स्वभाव अक्षरात कसा उतरतो याचे तितके समृद्ध शिक्षण मला अन्यत्र मिळाले नाही.

सरावाचा क्रम मी असा सुचवेन. शाळेत आपण ग म भ न पासून गिरवायला लागतो. बोरूने मात्र आधी उभे दंड व शिरोरेषा आणि मग व, ब, क घ्यावेत, कारण या तिघांत एकच गोल आहे आणि तो साधला की जाडीचे गणित उलगडते. त्यानंतर ग, म, भ, न, मग र आणि स. इ, ह आणि झ यांना पुरेसा वेळ द्यावा, आणि जोडाक्षरांकडे ही सारी अक्षरे एका ओळीत सारख्या वजनाची दिसू लागल्यावरच वळावे.